भरल्या गाडीचा चढ

दत्तू गेला आणि पुंजाच्या गाडीत माणसं बसेनाशी झाली.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण सकाळी पेठला जायला म्हणून सडकेवर उभी असलेली माणसं त्याची जीप वळणावर दिसली की एकदम आपापसांत बोलायला लागत. पिशव्या खालीच राहत. पुंजा गाडी थांबवायचा, थोडा वेळ वाट बघायचा, आणि मग रिकामीच पुढे काढायचा. आरशात त्याला दिसायचं, मागून आलेल्या पिकअपमध्ये तीच माणसं भराभर चढतायत.

गाडी जुनी होती. मालेगावच्या एका सूतवाल्या व्यापाऱ्याकडून त्याने ती घेतली, तेव्हाच मागच्या काचेवरची 'टर्बो' ही अक्षरं उन्हाने विटून गेली होती. ती आणायला दत्तूच त्याच्याबरोबर गेला होता. दोघं एका वयाचे. एकाच शाळेतून पळून आलेले, एकाच ओहोळात पोहायला शिकलेले. मालेगावहून परतताना दत्तूने वाटेत हार घेतला आणि गाडीला घालायच्या आधी तो पुंजाच्याच गळ्यात घातला. तेव्हापासून पाड्यावरचं बाळंतपण असो की बाजार, की द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला निघालेली माणसं असोत, सगळी पुंजाच्याच गाडीने गेली.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि झोडपणी चालू होती. दुपारच्याला दत्तू हातातला भारा टाकून खाली बसला, आणि छाती धरून तसाच आडवा झाला. तालुक्याची ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन आधीच नाशिकला गेलेली. पुंजाने गाडी काढली. मधल्या सीटवर दत्तूला निजवलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची बायको बायडाबाई बसली. पुढे पुंजाशेजारी दत्तूचा धाकटा भाऊ मनोज. आणि मागे, नको नको म्हणता म्हणता, भावकीतली माणसं चढत गेली. जीवाचा माणूस चाललाय म्हटल्यावर मागे कोण राहील? गाडी भरली.

पेठच्या डॉक्टरांनी गोळी दिली, सुई दिली आणि म्हणाले, थांबू नका, सरळ नाशिक गाठा.

करंजाळीपर्यंत गाडी बरी चालली. सावळघाट लागला आणि तिचा दम गेला. पुंजाने दुसरा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने जरा उसळी घेतली आणि मग आतून कुणी धरून ठेवल्यासारखी ती अडखळली. मागे काळा धूर. आणखी दाबावा तर आणखी गुदमरे. पाय थोडा उचलला की श्वास घेतल्यासारखी दोन हात पुढे सरके, की परत तेच. वरून रिकामे ट्रक झपाझप उतरत होते, खालून भरलेले टँकर त्यांना ओलांडून पुढे जात होते. मनोज सारखा म्हणत होता, "दादा, जरा हाण की! हाण की जरा!" आणि पुंजा घामाने भिजला होता.

घाट संपता संपता बायडाबाई म्हणाली, "आता हात गार लागतोय यांचा."

तरी त्यांनी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरने तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि जाता जाता सहज म्हणावं तसा म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

ते वाक्य पाड्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

दहाव्याला बायका बसल्या असताना बायडाबाई एवढंच बोलली. "मी मागून बघत व्हते. पुंजाभाऊंचा पाय सारखा वर यायचा. दाबायचे नि उचलायचे. माझा माणूस जातोय, नि ते गाडीला जपत व्हते."

पुंजाची बायको कुसाबाई तिथेच बसली होती. ती उठून घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. पुंजा ऐकून घेऊन बाहेर जाऊन गाडीत बसला. दार लावून, काचा वर करून. त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. कारण वहिनी खोटं बोलत नव्हती. पाय वर येत होता, हे खरंच होतं.

नाशिकला पेठ रोडवर रवीचं गॅरेज होतं. पुंजाची गाडी बरीच वर्षं त्याच्याच हाताखालची. पुंजाने त्याला सांगितलं, "घाटात पिकअप घेत नाय. दाबली की गुदमरते." रवीने तिला स्कॅनर लावला, त्यात काही दिसलं नाही. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, नोजल काढून तपासून आणले. मग दोघं गंगापूर रोडने एक लांब चक्कर मारून आले. गाडी सुतासारखी चालली. रवी म्हणाला, "पुंजाभाऊ, गाडीत काही नाही. ओके आहे."

पुंजाला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. उलट, गाडीत काही नाही म्हणजे जे काही होतं ते त्याच्यातच. त्याने पुन्हा काही दिवसांनी गाडी आणली. पुन्हा तेच. या वेळी तर तो एकटाच घाटातून वर आला होता आणि गाडीने साधी कुरकुरही केली नव्हती. रवीने टर्बोचे नट आवळले, पाइपांच्या क्लिपा आवळल्या आणि हात पुसत त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही वाईट नव्हतं. पण पुंजाला त्यातही तेच दिसलं, जे सडकेवरच्या माणसांच्या डोळ्यांत दिसायचं.

आता त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. जेवता जेवता त्याचा उजवा पाय आपोआप ताणला जायचा. खरंच गाडी अडली होती, की मीच भ्यालो? वळणावर ट्रक बघून पाय ढिला पडला? की गाडी उभी राहिली तर पुढे खायचं काय, हे मनाच्या तळाशी कुठे तरी आलं होतं? माणसाला स्वतःच्या मनाचा तळ कुठे दिसतो! कुसाबाई म्हणायची, "तुमी तसले नाय, मला माहीत हाय." तो म्हणायचा, "तुला माहीत हाय गं. मला कुठं हाय?"

संक्रांत झाली, आणि तो तिसऱ्यांदा रवीकडे गेला. या वेळी गाडी घेऊन नाही, एसटीने. गॅरेजच्या दारातल्या टायरवर बसला आणि त्याने रवीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. दत्तूचं, डॉक्टरचं, बायडाबाईचं. इतके दिवस तो नुसतं 'घाटात गुदमरते' एवढंच सांगत आला होता.

रवी हातातलं काम ठेवून ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी गाडीत माणसं किती होती?"

"भरलेली व्हती. मागं पाय ठेवायला जागा नव्हती."

"आणि माझ्याकडे कशी आणलीत? रिकामी?"

"रिकामीच. कोण बसतंय आता?"

रवीने कपाळावर हात मारला. "पुंजाभाऊ, हे मी आधीच विचारायला पाहिजे होतं. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. रिकाम्या गाडीत त्याला जोर लावावाच लागत नाही. खरी मेहनत भरल्या गाडीत, चढावर, इंजिन तापल्यावर. गाडी बघायची माझी रीतच चुकली. मी तुमच्याकडे येतो. तेवढंच वजन घालू, त्याच घाटात जाऊ."

"भाताची पोती टाकतो मागं."

"टाका. पण वजन तेवढंच पाहिजे."

पाड्यावर परत आल्यावर पुंजा पोत्यांसाठी मनोजकडे गेला, कारण त्याच्या स्वतःच्या घरी तेवढं भात उरलं नव्हतं. मनोज ओट्यावर बसला होता. दत्तू गेल्यापासून दोघं एकमेकांशी नीट बोलले नव्हते. पुंजाने कशासाठी पोती हवीत ते सांगितलं. मनोजने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कळून काय व्हणार?"

"मला कळंल," पुंजा म्हणाला. "गाडी खोटी का मी खोटा, तेवढं तरी कळंल."

आतून बायडाबाई बाहेर आली. हातातल्या सुपात निवडायला घेतलेली नागली. तिने पुंजाकडे बघितलं नाही, मनोजला म्हणाली, "पोती कशाला? माणसं व्हती त्या दिवशी. माणसंच बसू. मी जिथं बसले व्हते, तिथं बसंन."

"वहिनी, नको," पुंजा म्हणाला. "तुमी नको."

"मला बी बघायचं हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

ठरलेल्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर रवी आला. त्याने बॉनेट उघडून टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेवर एक बारीक नळी जोडली, ती खिडकीतून आत घेतली आणि तिच्या टोकाला काटा असलेलं एक मीटर बसवलं. "टर्बो हवा भरतोय की नाही, ते हा काटा सांगेल," तो म्हणाला. पुढच्या सीटवर तो मीटर मांडीवर घेऊन बसला. मनोज मधल्या सीटवर गेला. त्याच सीटवर बायडाबाई. मागे त्या दिवशी होती त्यातली बरीचशी माणसं येऊन बसली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. बायडाबाई निघाली हे कळलं, आणि ती आली. दत्तूची जागा भरायला मात्र एक भाताचं पोतंच ठेवावं लागलं. ते मनोज आणि बायडाबाईच्या मधे होतं. तिने त्यावर हात ठेवला होता.

पेठ मागे पडलं. करंजाळी गेली. घाटाच्या तोंडाशी रवी म्हणाला, "पुंजाभाऊ, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. काहीही झालं तरी. पार खाली दाबून ठेवायचा."

पुंजाने मान हलवली. दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. पहिलं वळण गाडीने घेतलं. काटा वर चढला. रवी नुसता बघत होता. दुसऱ्या वळणाला चढ उभा झाला, आणि पुंजाला ते आधी कंबरेत कळलं. गाडी अडखळली. काटा थरथरला आणि खाली पडू लागला. मागच्या काचेत काळा धूर दाटला. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, घसा धरल्यासारखा.

"दाबून ठेवा," रवी म्हणाला.

"दाबलाय."

"उचलू नका."

गाडी माणसाच्या चालीवर आली. एक टँकर हॉर्न देत त्यांना ओलांडून गेला. पुंजाचा पाय पत्र्याला टेकलेला होता आणि गाडी मरायला टेकली होती. मागून कपड्यांची सळसळ झाली. बायडाबाई दोन सीटांच्या मधून वाकून खाली बघत होती. त्याच्या पायाकडे.

"पाय तर खालीच हाय यांचा," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. "पार खाली हाय."

"आता उचला थोडा," रवी म्हणाला. पुंजाने पाय सैल केला. काटा सावरला, गाडीने श्वास घेतल्यासारखं केलं आणि दोन हात पुढे गेली. त्याने दाबला, ती गुदमरली. उचलला, सरकली.

"हेच," मनोज मागून म्हणाला. "हेच व्हत व्हतं त्या दिवशी. दाबायचा नि उचलायचा."

रवीने गाडी कडेला घ्यायला लावली. चाकांना दगड लावले. बॉनेट उघडल्यावर तापलेल्या इंजिनाची झळ सगळ्यांच्या तोंडावर आली. टर्बोच्या पुढच्या पाइपांवर त्याने साबणाचं पाणी सोडून बघितलं, इंजिन चालू ठेवून. कुठे बुडबुडा नाही. "हवा बाहेर जात नाहीये," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे आतच येत नाहीये." हवेच्या फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा जाड काळा रबरी पाइप त्याने फडक्यात धरून दाबून बघितला. वरून अगदी धड दिसत होता. चीर नाही, भेग नाही. तरी त्याने क्लिपा सोडून तो पाइप काढलाच. टर्बोच्या उघड्या तोंडावर त्याने एक बारीक जाळी बांधली.

"याच्याशिवाय थोडंच जाऊ. धूळ आत जाता कामा नये. पुढच्या वळणापर्यंत, बास."

सगळी परत बसली. पुंजाने पाय दाबला.

आणि गाडी निघाली. तिने नुसती उसळी घेतली नाही, ती चढतच गेली. भरलेली गाडी, उभा चढ, आणि ती मालेगावहून आणली त्या दिवशी जशी पळाली होती तशी पळत होती. काटा वर जाऊन तिथेच थांबला. दरीतलं वारं खिडक्यांतून आत आलं. त्यांना ओलांडून गेलेला टँकर पुढे दिसला, जवळ आला. आनंदाने ओरडावं असं ते नव्हतं. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली, आणि प्रत्येकाला कळलं की बाकीच्यांच्याही मनात तीच आहे. त्या दिवशी ही अशी चालली असती तर.

मागे बायडाबाईने पोत्याला दोन्ही हातांनी धरलं आणि तिने हंबरडा फोडला. दत्तू गेल्यावर ती रडली होती, पण अशी नाही. पुंजाने वळणावर गाडी थांबवली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचेही खांदे हलत होते. मनोज पुढे वाकला आणि त्याने पुंजाच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

रस्त्याच्या कठड्यावर बसून रवीने तो पाइप चाकूने उभा चिरला. आतल्या बाजूला रबराचा एक पातळ थर बाहेरच्या थरापासून सुटून आला होता, सालीसारखा. "बघा," तो म्हणाला. "गार असताना हा चिकटलेला राहतो. तापला की मऊ पडतो, आणि टर्बोने जोराने हवा ओढली की आतल्या आत मिटतो. जितकं दाबाल तितका जास्त मिटणार. पाय उचलला की परत उघडणार. बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. मलाही दिसलं नाही. माझ्या गॅरेजमधून ही गाडी दोनदा ओके म्हणून गेली."

बायडाबाईने हात पुढे केला. रवीने तिला पाइप दिला. तिने ती सुटलेली साल बोटाने उचलून बघितली, खाली टेकवली, परत उचलली.

"एवढं नसतं झालं," तिने विचारलं, "तर वाचले असते का माझे मालक?"

रवीने पुंजाकडे बघितलं, मग खाली बघितलं. "मावशी, ते मला नाही सांगता येणार. गाडी लवकर पोचली असती, एवढंच मी सांगू शकतो."

तिने मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. मग ती पुंजापुढे येऊन उभी राहिली. तो कठड्याला टेकून उभा होता, नजर सडकेवर.

"पुंजाभाऊ, मी बोलले ते डोळ्यांनी बघून बोलले व्हते," ती म्हणाली. "आज बघितलं ते बी डोळ्यांनीच बघितलं. पाड्यावर हे बी मीच सांगंन."

पुंजाला म्हणायचं होतं, वहिनी, सांगू नका तरी चालेल. पण ते खरं नव्हतं.

रवीने पेटीतून एक दुसरा पाइप काढून तात्पुरता बसवला. नाशिकला जाऊन त्याने नवा घातला. गाडी ठीक झाली. पुंजा तेवढा ठीक झाला नाही. स्वतःवरचा संशय गेला, हे खरं. पण तो गेल्यावर त्याच्या जागी नुसता दत्तू उरला. इतके दिवस पुंजा स्वतःलाच तपासत बसला होता, मित्रासाठी रडायला त्याला सवडच झाली नव्हती. आता ते रडणं आलं. गाडी धुताना यायचं, पेठच्या बाजारात मिरची घेताना यायचं. कुसाबाई त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घ्यायची.

सडकेवरची माणसं हळूहळू परत बसू लागली. आधी म्हातारी माणसं, मग बाया. द्राक्षाचा हंगाम भरात आला तेव्हा दिंडोरीकडे जाणाऱ्या मजुरांत बायडाबाईही होती. ती गाडीत चढली, आपली जागा धरून बसली आणि शेजारणीशी मजुरीच्या गोष्टी बोलत राहिली. पुंजाशी ती जास्त बोलायची नाही. उतरताना एकदाच म्हणाली, "खाचरात राब भाजायचा राहिलाय. मनोज एकटाच हाय."

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजून घ्यायचं काम, पालापाचोळा आणि शेण अंथरून. दरवर्षी ते दत्तू आणि पुंजा मिळून करायचे, आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या.

दुसऱ्या दिवशी पुंजाने गाडी काढली नाही. तो आणि कुसाबाई उजाडताच दत्तूच्या खाचरात गेली. मनोज आधीच पाला पसरत होता. बायडाबाई डोक्यावरून शेणाच्या पाट्या आणत होती. वारा पडल्याची खात्री करून पुंजाने एका कडेला काडी लावली. जाळ सरपटत पुढे गेला, आणि चौघं चारी बाजूंना हिरव्या डहाळ्या घेऊन उभी राहिली, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून.